दुसरं रडणं

“आता डावा हात सैल सोडा. खांद्यापासून. हात आपला नाहीच, सतरंजीचा आहे असं समजा.”

बोंडे मॅडमचा आवाज आमच्या डोक्यांकडून पायांकडे आणि पायांकडून परत डोक्यांकडे फिरत होता. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत पडदे ओढून घेतलेले असायचे आणि आम्ही पाच-सहा बाळंतिणी ओळीनं उताण्या पडलेल्या असायचो. ओव्याच्या धुरीचा, खोबरेलाचा, दुधाचा असा एक मिसळलेला वास खोलीभर असायचा. शेजारची बाई तर केव्हाच घोरायला लागली होती.

मॅडम माझ्याजवळ येऊन थांबल्या. वाकून हळू आवाजात म्हणाल्या, “रजनी, हात सोडा ना.”

“सोडलाय.”

“बघा तरी.”

मी डोळे उघडले. उजवा हात सतरंजीवर पडला होता. डावा मात्र कोपरात दुमडून छातीशी आला होता आणि त्याचा तळवा वर वळला होता. मांडीवरच्या बाळाचं डोकं तळव्यावर घेतो ना, तसा. मी तो खाली ठेवला, दाबून ठेवला आणि परत डोळे मिटले.

“श्वास आत... आणि सोडा. घ्यायची घाई नाही. आधी सोडा.”

पाय जड झाले, पाठ जड झाली, जबडा सुटला. आणि सगळं अंग सुटलं तसं ते आलं. दुसरं रडणं.

चेतनचं रडणं मी झोपेतही ओळखलं असतं. त्याचं रडणं भरदार आणि चिडकं. हे तसं नव्हतं. हे बारीक होतं, थोडं यायचं, थांबायचं. थांबलं की वाटायचं संपलं, आणि मग परत सुरू व्हायचं. दरवेळी भिंतीच्या पलीकडून.

मी उठले. कुणाच्या तरी पायाला अडखळले आणि दार ढकलून बाहेर आले.

नाना बाहेर बाकावर बसलेले असणार, हे मला माहीत होतं. नाना म्हणजे माझे सासरे. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं काढलेला, त्यामुळे घरातही ते एकटेच असल्यासारखे वावरायचे. जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलायच्या आणि ते मान हलवायचे. मला त्या वर्गाला नेण्या-आणण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं, कारण चेतनला जिजींशिवाय कुणाकडे ठेवायचं नाही असं घरात ठरलं होतं. कुणाकडे म्हणजे माझ्याकडेही.

ते का ठरलं, ते आधी सांगते.

माझी आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच, भुसावळला झालं. जुळं आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऐन वेळी पोट उघडावं लागलं, भूल दिली. शुद्धीवर आले तेव्हा जिजींच्या मांडीवर एकच दुपटं होतं.

“दुसरं?” मी विचारलं.

“ते आतच गेलं होतं,” जिजी म्हणाल्या. “रडलंसुद्धा नाही. आता त्याचा विषय काढायचा नाही. ह्याच्याकडे बघ, केवढा गुटगुटीत आहे.”

“मुलगा होता की मुलगी?”

“काही नव्हतं ते,” जिजी म्हणाल्या आणि चेतनला माझ्या छातीशी दिलं.

माझा नवरा, उल्हास, इंजिनवर असिस्टंट होता. तो इटारसीहून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. त्यानंही तेच सांगितलं, पण सांगताना भिंतीकडे बघत होता.

घरी आल्यावर ते रडणं सुरू झालं. चेतनला पाजून मी आडवी झाले, डोळा लागतोय असं वाटलं की यायचं. मी उठून मागचं दार उघडायचे, माडीच्या जिन्याखाली बघायचे. जिजींना सांगितलं तर त्यांनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मग कुठून तरी अंगारा आला. माझं दूध कमी होत गेलं. एकदा चेतनला अंघोळीसाठी मोरीत पाटावर ठेवलं होतं आणि ते रडणं आलं. मी उठून मागच्या दाराशी गेले. किती वेळ तिथं उभी होते ते मला सांगता येणार नाही. जिजींची किंकाळी ऐकून आत धावले तेव्हा चेतन ओल्या पाटावर उघडा पडला होता, ओठ निळे झालेले, आणि रडून रडून त्याचा आवाज बसला होता. मला त्याचं रडणं ऐकूच आलं नव्हतं.

त्यानंतर ठरलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, बाळंतपणानंतर काहींचं मन असं होतं, वरच्या मजल्यावर बोंडे मॅडम श्वासाचे आणि अंग सैल सोडायचे व्यायाम घेतात, तिथं पाठवा. आणि घरच्यांनी ठरवलं की येत्या रविवारी उल्हासची मोठी बहीण, विजूताई, नागपूरहून येईल आणि माझं डोकं ठिकाणावर येईपर्यंत चेतनला घेऊन जाईल.

“थोडे दिवसच गं,” उल्हास म्हणाला होता. तेव्हाही तो भिंतीकडे बघत होता.

तर मी दार ढकलून बाहेर आले. नाना बाकावर होते, पण त्यांनी मला पाहिलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते. टोपी काढून बाजूला ठेवलेली, छत्री गुडघ्याला टेकवलेली, शर्टाची वरची बटणं सोडलेली आणि एक हात आत, छातीवर. खोलीतून मॅडमचा आवाज येत होता, “श्वास आत...” आणि नानांची छाती वर येत होती. “आता सोडा...” नाना सोडत नव्हते. श्वास धरून बसले होते. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा वर आल्या, आणि मग तो श्वास एकदम धक्क्यानं सुटला. त्याबरोबर त्यांच्या घशातून असा काही आवाज निघाला की मी जागच्या जागी थांबले.

“नाना.”

त्यांनी डोळे उघडले. घाईघाईनं बटणं लावायला लागले. “झालं का? चल.”

मी त्यांच्याशेजारी बसले. सुनेनं सासऱ्याच्या शेजारी एका बाकावर बसायची आमच्याकडे रीत नव्हती. तरी बसले.

“मला ते ऐकू येतंय, नाना. दुसऱ्याचं रडणं. आता तर अगदी स्पष्ट आलं. मला वेड लागतंय. ताईंना चेतनला घेऊन जाऊ द्या. माझ्या हातून त्याला काहीतरी होईल.”

मला वाटलं, नाना मान हलवतील आणि उठतील. पण त्यांनी विचारलं, “कसं रडतं?”

तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

“बारीक,” मी म्हटलं. “थोडं रडतं, मग थांबतं. मग परत.”

छत्रीच्या मुठीवरचा त्यांचा हात घट्ट झाला.

“भिंतीपलीकडून?” ते म्हणाले.

मी हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. जिजींनाही नव्हतं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. खोलीत मॅडम आता पायांच्या बोटांविषयी बोलत होत्या. खाली कुणीतरी केसपेपरसाठी नाव पुकारत होतं.

“मुलगी होती,” नाना म्हणाले.

“तुम्ही बघितलं तिला?”

“माझ्यापाशीच होती.” “डॉक्टर म्हणाले, फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. पेटी जळगावला. तिथवर पोचायची नाही म्हणाले. जिजी आत तुझ्याजवळ होती. मग नर्सबाईनं कापसात गुंडाळून माझ्याकडे दिली. ओंजळीत मावत होती. कापसातसुद्धा गार पडायला लागली, म्हणून मी शर्टाची बटणं काढली आणि आत घेतली. अंगाशी.”

“जिवंत होती?”

“होती ना. मध्येच श्वास थांबायचा तिचा. पहिल्यांदा थांबला तेव्हा मी घाबरलो, मोठा श्वास घेतला. माझी छाती वर गेली, तशी तीही हलली आणि तिनंही घेतला. मग मला कळलं, मी घेतला की ती घेते. मग मी घेतच राहिलो.”

“किती वेळ?”

“दिवेलागणीपर्यंत.”

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण मी विचारलं. “रडली होती का?”

“रडली. मी व्हरांड्यात होतो, तुझ्या खोलीच्या भिंतीला टेकून. तू गुंगीत होतीस. जिजी आतून म्हणायची, दार लावून घ्या, तिच्या कानावर जाईल.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “गेलंच होतं म्हणजे.”

मी तोंडात पदर कोंबला. इतके दिवस ज्याच्यासाठी मीठ-मोहरी झाली, अंगारे झाले, गोळ्या झाल्या, ते मी कानांनी ऐकलेलं होतं. ती माझ्या हातभर पलीकडे होती, रडत होती, आणि मधे एक भिंत होती.

“शेवटी मी सोडला,” नाना म्हणाले. “तिनंही सोडला. मग मी घेतला...”

ती गेली त्या दिवसापासून नाना घरात आडवे झोपत नव्हते. ओट्यावर भिंतीला टेकून, बसूनच रात्र काढायचे, आणि आम्ही सगळे समजत होतो की त्यांना दम्याचा त्रास सुरू झालाय.

दार उघडून बोंडे मॅडम बाहेर आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “रजनी, घाबरू नका. अंग सैल झालं की काहींचं आतलं दाबलेलं वर येतं. उद्या पडून नको, बसून करू, डोळे उघडे ठेवून.” मी मान हलवली. त्या आत गेल्यावर मी उठले.

“कुठे ठेवलीत तिला?”

“तापीवर.”

“मला न्या.”

“ओल्या बाळंतिणीनं तिकडे...”

“सव्वा महिना झालाय, नाना. मला न्या.”

आम्ही रिक्षा केली. वाटेत नाना एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, आणि मधे ती छत्री. रेल्वेच्या वसाहती मागे पडल्या, केळीच्या बागा लागल्या. कुणी पाहिलं तर काय म्हणेल, चेतन भुकेला झाला असेल, टाके दुखतायत, असलं काहीही माझ्या मनात येत नव्हतं. मी फक्त ती जागा बघणार होते. तिथं हात टेकवणार होते. याच्यापलीकडे मी काही ठरवलं नव्हतं.

रिक्षा सडकेवर थांबली. पुढे उतार होता. नाना पुढे चालले आणि उताराच्या टोकाशी एकदम थांबले.

श्रावण होता. वरच्या अंगाला पाऊस झालेला. नदी काठ सोडून आत, पार झाडांपर्यंत आली होती. गढूळ आणि आवाज न करणारं पाणी, त्यावर कुठे फांदी, कुठे फेस.

“बाभूळ होती,” नाना म्हणाले. “बाभळीपासून आत चार पावलं.”

पाण्यात एक बाभूळ होती, खोड बुडालेली. तिच्या पलीकडे आणखी एक होती. नाना एकीकडे बघत होते, मग दुसरीकडे.

“ही का ती?” ते स्वतःशीच म्हणाले. “अंधार पडत आला होता. मोठे दगड ठेवले होते मी. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. दगड पायाला लागतील.”

आणि ते सरळ पाण्यात उतरले.

“नाना!”

त्यांना ऐकू गेलं नाही. धोतर पाण्यावर फुगलं. प्रत्येक पावलाला ते थांबत होते, तळव्यानं खाली चाचपत होते. छत्री हातातून सुटली, पाण्यावर जराशी गरगरली आणि निघून गेली. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. पाणी त्यांच्या कमरेला लागलं. लांब एक माणूस म्हशी धूत होता, त्याला मी हाका मारल्या, त्यानं नुसता हात वर केला.

मी साडी खोचली आणि उतरले. खाली चिखल होता, पाय आत जात होते. पोटात टाक्यांपाशी कळ आली. हाताला नानांचा शर्ट लागला तो मी मुठीत धरला आणि ओढला.

“इथंच आहे गं,” ते म्हणाले. “इथंच कुठंतरी आहे. पाण्यात आहे ती.”

“आधी बाहेर या.”

“गार पडेल.”

“नाना, बाहेर या!” मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले.

ते आले. काठावर आणून मी त्यांना बसवलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की ते श्वास घेत नाहीयेत. म्हणजे घेत होते, घेतच होते, वर वर, लहान लहान, एकावर एक. सोडत नव्हते. डोळे पांढरे व्हायला लागले होते. मी त्यांच्या मागे बसले. दोन्ही खांद्यांच्या मधे तळवा ठेवला. काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मॅडम जे म्हणायच्या तेवढंच येत होतं.

“घ्यायची घाई नाही, नाना. आधी सोडा.”

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

“सोडा.”

“सोडला की जाते ती,” ते कसेबसे म्हणाले.

माझा हात त्यांच्या ओल्या पाठीवर होता. हाताखाली त्यांचं हृदय धडधडत होतं. जे मला आजवर कुणी नीट सांगितलं नव्हतं, ते मीच त्यांना सांगितलं.

“ती गेलीय, नाना. सोडा.”

सुटला तो श्वास. सुटता सुटता त्याचा हुंदका झाला, मग दुसरा, आणि मग तो माणूस नदीकाठी बसून लहान मुलासारखा रडायला लागला. मी म्हणत राहिले, आत घ्या, सोडा, खांदे सोडा, हात सोडा. त्यांच्याबरोबर माझाही श्वास चालला होता. हळूहळू दोघांचा एकच झाला. माझी चोळी दुधानं भिजून गेली होती, आणि मला ते पाणी वाटलं होतं.

तेवढ्यात ते आलं. बारीक, तुटक. या वेळी भिंत नव्हती, समोर नुसती नदी होती. मी उठले नाही. बसून ऐकत राहिले.

घरी पोचलो तेव्हा दोघेही कमरेपर्यंत चिखलात होतो. जिजी चेतनला खांद्यावर घेऊन दारातच उभ्या होत्या.

“मी सांगितलं तिला,” नाना म्हणाले.

जिजींचा चेहरा उतरला. “ठरलं होतं ना आपलं? पोराचं दूध तुटलं म्हणजे?”

“ते तसंही तुटतच होतं.”

जिजींनी चेतनला माझ्याकडे दिलं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. उल्हास ड्यूटीवरून आला, त्यालाही नानांनीच सांगितलं. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि त्या दिवशी त्यानं भिंतीकडे पाहिलं नाही.

विजूताई रविवारी आल्या, दोन दिवस राहिल्या आणि एकट्याच परत गेल्या. चेतन माझ्याजवळ वाढला. त्याला आता स्वतःची मुलगी आहे. ते रडणं थांबलं का, असं उल्हासनं पुढे कितीतरी वेळा विचारलं. मी हो म्हणत आले. थांबलेलं नाही. घर शांत असलं, अंग सैल पडलं की येतं. फक्त मी आता दार उघडायला धावत नाही. ते कुणाचं आहे ते मला माहीत आहे.

पण मला सांगायचंय ते नदीवर गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं.

जिजी रोजच्यासारख्या माझ्या पाठीला तेल लावत होत्या. त्यांचे हात फार जड होते, दाबून चोळायच्या. त्या दिवशी ते हात कमरेपाशी येऊन थांबले.

“कशी होती गं?” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“मी बघितलं नाही तिला. हे म्हणाले होते, ये, एकदा बघून जा. मी नाही गेले. बघितलं असतं तर तुझ्यासमोर मला तोंड मिटून बसता आलं नसतं.” मग म्हणाल्या, “कुणावर गेली होती, काही बोलले का हे?”

मी ते विचारलंच नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. पडद्यापलीकडे अंगणात नाना कालच्या वहाणांचा चिखल काढत होते, दगडावर वहाण आपटल्याचा आवाज येत होता.

“विचारा ना तुम्ही,” मी म्हटलं.

“मी कोणत्या तोंडानं विचारू? तूच विचार.”

मी हाक मारली. वहाणांचा आवाज थांबला. नाना दाराशी आले असावेत, पडद्याखाली त्यांची ओली पावलं दिसली. आत तेल-मालिश चाललीय हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते बाहेरच उभे राहिले.

“नाना, जिजी विचारतायत,” मी म्हटलं. “ती कुणावर गेली होती?”

पडद्याखालची पावलं जराशी पुढे आली.

“हनुवटी हिची होती,” मग ते म्हणाले. “मधोमध खळगा. एवढासा.”

जिजींचे दोन्ही हात तेलानं माखलेले होते. त्यातला एक वर आला, स्वतःच्या हनुवटीवर टेकला आणि तिथंच राहिला. तेल ओघळून मनगटावर आलं, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.